एक चूक निघाली, तर सगळं शास्त्रच खोटं?

पत्राचा सारांश: एक वाचक भगिनी आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग घेतात. धड्याची तयारी करताना त्यांना दोन गोष्टी खटकल्या. मत्तय 27:9 मध्ये चांदीच्या तीस नाण्यांचं वचन यिर्मयाच्या नावावर दिलंय, पण ते सापडतं जखऱ्याच्या पुस्तकात. शिवाय दाविदानं केलेल्या शिरगणतीचे आकडे 2 शमुवेल आणि 1 इतिहास या दोन पुस्तकांत जुळत नाहीत. बायबल अभ्यासात विचारलं, तर मंडळीतले एक वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) म्हणाले, "एक चूक मान्य केली की सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळतं. ही शंका सैतानाची आहे." एका व्हिडिओत मात्र त्यांनी ऐकलं की 'बायबलमध्ये चूकच नाही' हे अमेरिकन लोकांनी अलीकडे काढलेलं खूळ आहे. आता मंडळीनं सगळ्या शिक्षकांकडून विश्वासाच्या निवेदनावर सही मागितली आहे. त्यात 'पवित्र शास्त्र मूळ हस्तलिखितांत पूर्णपणे निर्दोष आहे' असं वाक्य आहे. सही केली तर खोटेपणा होतो, न करावी तर वर्ग जातो आणि रोज शास्त्र वाचणाऱ्या आईला सगळं कळतं. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "परवा एका मुलानं विचारलं, देवानं अमालेक्यांची (इस्राएलाच्या शत्रू टोळीची) तान्ही बाळंसुद्धा मारायला का सांगितली? मी विषय बदलला."

तुमच्या लांबलचक पत्रात शेवटची ओळ जाता जाता लिहिल्यासारखी आलीय. मला वाटतं, खरी बोच तिथे आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी तुम्ही विचारलेल्या गोष्टी घेऊ.

मत्तयाचं वचन तुम्हाला खटकलं, तसं ते सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन यालाही खटकलं होतं. 1555 साली पहिल्या तीन शुभवर्तमानांवर, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकांवर, त्यानं भाष्य प्रसिद्ध केलं. त्यात या ओवीशी आल्यावर तो सरळ लिहितो की यिर्मयाचं नाव इथे चुकून पडलंय, ते कसं आलं हे आपल्याला ठाऊक नाही आणि आपण त्याची फारशी फिकीरही करत नाही. एवढं लिहून तो जखऱ्याच्या वचनाचा अर्थ उलगडायला लागतो. कॅल्विन काही शास्त्रावर शंका घेत फिरणारा माणूस नव्हता. प्रोटेस्टंट जगातल्या कितीतरी मंडळ्या आजही त्याच्याच शिकवणीवर उभ्या आहेत, आणि 'चूक मान्य केली की कोसळतं' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण त्याचं नाव आदरानं घेतात. त्याचा विश्वास त्या ओवीपाशी कोसळला नाही.

दुसरं उत्तरही आहे आणि ते अगदीच ओढूनताणून आणलेलं नाही. यिर्मयाच्या 19 व्या अध्यायात कुंभाराचं मडकं आहे, 32 व्या अध्यायात शेताची खरेदी आहे. मत्तयानं हे सगळं जखऱ्याच्या तीस नाण्यांशी गुंफून मोठ्या संदेष्ट्याचं नाव दिलं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला हे पटण्याजोगं वाटतं, पण त्यावर पैज लावणार नाही.

शिरगणतीचं प्रकरण जास्त बोलकं आहे. 2 शमुवेल 24 मध्ये इस्राएलाचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख तलवार चालवणारे. 1 इतिहास 21 मध्ये अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. दाविदानं वेदीसाठी खळं विकत घेतलं ते एकीकडे चांदीच्या पन्नास शेकेलांना, दुसरीकडे सोन्याच्या सहाशे शेकेलांना. पन्नास फक्त खळ्याचे आणि सहाशे सगळ्या जागेचे, अशी जुळवणी करतात. आकडे नक्कल करणाऱ्याच्या हातून बिघडले असतील, असंही म्हणता येतं. पण तुम्ही दोन्ही अध्यायांची पहिलीच ओवी शेजारी ठेवून पाहिलीत का? शमुवेलात परमेश्वराचा कोप भडकला आणि त्यानं दाविदाला शिरगणती करायला प्रवृत्त केलं. इतिहासात सैतान उठला आणि त्यानं प्रवृत्त केलं. हे लेखनिकाच्या डुलकीनं झालेलं नाही. बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळात कुणीतरी जुनी हकिकत पुन्हा सांगायला घेतली आणि 'देवच पाप करायला लावतो, मग शिक्षाही करतो, हे कसं?' असा प्रश्न त्याला पडला, असं अनेक अभ्यासकांना दिसतं. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलानं विचारलेला प्रश्न शास्त्राच्या आतच कुणालातरी पडलेला दिसतो.

आणि ज्यांनी हे ग्रंथ जपले, त्यांनी दोन्ही ठेवले. त्यांना काय मोजता येत नव्हतं?

हाच प्रकार शुभवर्तमानांचा. इसवी सन 170 च्या सुमारास तातियन नावाच्या माणसानं चारही शुभवर्तमानं एकत्र विणून एकच सलग हकिकत तयार केली. विसंगती गेल्या, वाचायला सोपं झालं. सिरियातल्या मंडळ्यांत ते पुस्तक कितीतरी पिढ्या वाचलं जात होतं. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपनं आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी वेगवेगळी चार शुभवर्तमानं ठेवली. गुळगुळीत केलेलं एक पुस्तक हाताशी असूनही मंडळीनं अखेर चार वेगळे आवाज पसंत केले. मार्कात काठी घ्या, मत्तयात काठीसुद्धा घेऊ नका. योहानात मंदिराचं शुद्धीकरण सेवेच्या सुरुवातीला, बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात. हे सगळं ठेवून.

आता त्या वडिलांचं वाक्य. 'एक चूक, की सगळं गेलं.' ही अट कुणी घातली? पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र उघडा आणि पहिल्या अध्यायात 14 ते 16 या ओव्या सावकाश वाचा. पौल म्हणतो, क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय तुमच्यापैकी कुणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही, याबद्दल देवाचे आभार. मग थांबतो. हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. त्यापलीकडे आणखी कुणाचा केला की नाही, ते आठवत नाही. पत्र सांगितलं जातंय, दुसरा कुणी लिहून घेतोय, पौल स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतोय आणि आधीचं वाक्य खोडलंही जात नाही. आपण त्याला देवाचं वचन म्हणतो, आणि त्यात 'आठवत नाही' असं लिहिलेलं आहे.

त्याच पत्राच्या 15 व्या अध्यायात पौल खरोखर 'हे नाही तर सगळं व्यर्थ' असं म्हणतो. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. त्यानं सर्वस्व लावलं ते पुनरुत्थानावर. बाप्तिस्म्यांच्या यादीवर त्यानं काहीच लावलेलं नाही. तुम्हाला मात्र यादीवरही लावायला सांगितलं जातंय.

यावर वडील म्हणतील, पुनरुत्थानही आपल्याला याच पुस्तकातून कळतं, मग एक ओवी चुकीची म्हटली तर थांबायचं कुठे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याची थट्टा करू नका. माझं उत्तर असं की साक्षीदारांच्या तपशिलात फरक असला म्हणून साक्ष आपोआप बाद होत नाही. कबरेपाशी मार्कात एक तरुण आहे, मत्तयात एक देवदूत, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. कबर रिकामी होती यावर मात्र चौघांचं एकमत आहे. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रत्येकाचा निर्णय. देवदूत मोजून तो होणार नाही. कुठे थांबायचं याची आखीव रेघ मात्र माझ्याकडे नाही. ती मिळेल म्हणून तुम्ही थांबला असाल तर निराशा होईल.

आता थोडं तुमच्याशी भांडतो. 'हे अमेरिकन खूळ आहे' असं त्या व्हिडिओनं सांगितलं आणि तुम्हाला हायसं वाटलं, हे पत्रातून जाणवतं. ते अर्धंच खरं आहे. 'मूळ हस्तलिखितांत निर्दोष' या मांडणीला आजचा घाट आला तो बऱ्याच अंशी प्रिन्स्टनच्या हॉज आणि वॉरफिल्ड यांच्या 1881 च्या लेखामुळे, आणि नंतर निर्दोषत्व मानणाऱ्यांनी काढलेल्या 1978 च्या शिकागो निवेदनामुळे, हे बरोबर. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सन 405 च्या सुमारास, बिशप ऑगस्टीननं बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याला लिहिलं होतं की प्रमाण शास्त्रात सत्याशी विसंगत असं काही आढळलं तर एक तर प्रत सदोष आहे, किंवा भाषांतरकाराला अर्थ कळला नाही, किंवा मला स्वतःला समजलेलं नाही. लेखक चुकला असं मी म्हणणार नाही. म्हणजे मंडळीतल्या त्या वडिलांच्या पाठीशी फार जुनी आणि थोर परंपरा आहे. दुसरीकडे तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिगेन योहानावर लिहिताना म्हणतो की चौघांच्या हकिकती अक्षरशः इतिहास म्हणून जुळतच नाहीत आणि त्यांचं सत्य आत्मिक अर्थात शोधायला हवं. भांडण जुनं आहे आणि दोन्ही बाजूंना शास्त्रावर प्रेम करणारी माणसं आहेत.

तेव्हा निर्दोषत्व मानणारे सगळे भोळे किंवा अप्रामाणिक, असं मनात धरू नका. शिकागो निवेदनाचं 13 वं कलम वाचलंत तर आश्चर्य वाटेल. ढोबळ आकडे, अतिशयोक्ती, निसर्गाचं डोळ्यांना दिसतं तसं वर्णन, घटनांची विषयवार मांडणी, समांतर हकिकतींत वेगवेगळा मजकूर निवडणं, मोकळेपणानं दिलेली अवतरणं, यांतलं काहीही निर्दोषत्वाला बाधक नाही, असं ते म्हणतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाला तिथे बरीच जागा आहे. उलट टोकाला, 'बायबलमधल्या शेकडो चुका' अशा ज्या याद्या फिरतात त्यांतला निम्मा माल फुकटचा असतो. वधस्तंभावरच्या फलकाचे शब्द चौघांनी थोडे वेगळे दिले म्हणून कुणी खोटं बोलत नाही.

आता 'मूळ हस्तलिखितांत' या शब्दांविषयी. एकाही पुस्तकाचं मूळ हस्तलिखित आज अस्तित्वात नाही, आहेत त्या नकला आणि नकलांच्या नकला. मार्काच्या 16 व्या अध्यायातल्या 9 ते 20 या ओव्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हकिकतही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. टीपा असलेलं बायबल घरात असेल तर या दोन्ही ठिकाणी कंस किंवा तळटीप बहुधा दिसेल. हे कुणी लपवलेलं नाही, वर्गात फक्त कुणी वाचून दाखवत नाही.

आणि आता अमालेक. 1 शमुवेल 15 मध्ये पुरुष, स्त्रिया, मुलं, तान्ही बाळं, गुरं, मेंढरं, उंट, गाढवं, सगळ्यांना मारण्याची आज्ञा आहे. या अध्यायात आकड्यांचा एकही घोटाळा नसता, तरी त्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला असता, नाही का? म्हणून मला वाटतं की यिर्मया आणि शिरगणतीत तुम्ही जे शोधताय ते तिथे नाही. मत्तय चुकला का, हा प्रश्न विचारायला सोपा आहे. देव असं सांगेल का, हा विचारायला भीती वाटते.

याला पूर्ण समाधान देणारं उत्तर मी वाचलेलं नाही. कॅल्विनच्या वाटेनं जाणारे म्हणतात, जीवन देणाऱ्याला ते घेण्याचा अधिकार आहे. ओरिगेन अशा युद्धांचा अर्थ मनातल्या पापाशी युद्ध असा लावतो. आजचे काही अभ्यासक म्हणतात की 'सर्वांचा संहार केला' ही त्या काळच्या युद्धवर्णनाची भाषा आहे, आणि पुरावा तिथेच आहे: 15 व्या अध्यायात संपवलेले अमालेकी 27 व्या अध्यायात दाविदाला भेटतात आणि 30 व्या अध्यायात दाविदाचं गाव सिकलाग जाळून जातात. आणखी काही जण म्हणतात, लोकांनी देवाला आपल्या काळाच्या मापानं ऐकलं. मी या शेवटच्यांच्या जवळ आहे, आणि त्याला आधार येशूच्याच बोलण्यात सापडतो असं मला वाटतं. मार्क 10 मध्ये सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाच्या लेखाचा, विषय निघतो तेव्हा तो म्हणतो, तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मोशेनं ही आज्ञा लिहून ठेवली. म्हणजे शास्त्रात लिहिलेलं सगळं एका पातळीवर नाही, हे तो स्वतः सांगतो. शमुवेलाचा तो अध्यायदेखील आतून अस्वस्थ आहे. 11 व्या ओवीत शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, 29 व्या ओवीत शमुवेल म्हणतो देव पस्तावत नाही, आणि 35 व्या ओवीत पुन्हा पस्तावा.

वर्गात त्या मुलाला यातलं सगळं सांगू नका. "तू विचारलंस तेव्हा मी टाळलं, कारण मलाही तो अध्याय जड जातो," एवढ्यानं सुरुवात करा. लोक याकडे कसकसं पाहतात त्यातल्या दोन पद्धती सांगा, आणि संकटांनी घेरलेल्या ईयोबाच्या पुस्तकाची आठवण करून द्या: तिथे देवाची बाजू घेऊन पाठ केलेली उत्तरं देणाऱ्या मित्रांवर देव रागावतो आणि ओरडून भांडणाऱ्या ईयोबाचं बोलणं योग्य ठरवतो. मोठ्या मुलांना एवढं पेलतं. पेलत नाही ते शिक्षकाचं विषय बदलणं, कारण त्यावरून ती ठरवतात की इथे काहीतरी लपवायचं असतं.

सहीबद्दल. न पटलेल्या वाक्याखाली सही करू नका, पण वाक्य पटत नाही हे इतक्यात ठरवूनही टाकू नका. पाळकांना एकट्याने भेटा, बायबल अभ्यासात सगळ्यांसमोर नको. यादी घेऊन जाऊ नका, एकच प्रश्न न्या: "या वाक्याचा अर्थ शिकागो निवेदनासारखा घ्यायचा, की प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव अचूक असा? आणि कॅल्विननं मत्तय 27:9 बद्दल लिहिलं तसं मी म्हटलं, तर मी या सहीत बसते का?" बसते म्हणाले तर निवेदनाखाली तुमची समज एका ओळीत लिहून सही करा. नाही म्हणाले तर तुम्हाला काय मान्य आहे ते लिहून द्या. शब्द हवे असतील तर दोन नमुने आहेत. 1974 च्या लोझान करारात, म्हणजे जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांच्या निवेदनात, शास्त्र जे प्रतिपादन करतं त्या सर्वांत निर्दोष आहे, अशी मांडणी आहे. 1965 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं की देवाला आपल्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवावंसं वाटलं, ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं. पहिल्याचा शब्द कडक आहे, दुसऱ्यात मोकळीक जास्त. मंडळी कुठल्याला तयार होते ते बघा. कशालाच तयार नसेल तर वर्ग सोडावा लागेल. ते दुखेल. तरी दर रविवारी मुलांसमोर उभं राहून मनात वेगळं ठेवण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत आहे.

हे वाचणाऱ्यांत काही पाळक असतील, धर्मशिक्षण घेणारे असतील, ज्यांची नोकरी आणि राहतं घर अशाच एका सहीवर अवलंबून आहे. त्यांना मी हाच सल्ला इतक्या सहज देणार नाही. तुम्ही आधी मंडळीबाहेरच्या, तुमच्या पगाराशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोला, कुटुंबाला विश्वासात घ्या, पुढच्या उत्पन्नाचा विचार करा, आणि मग बोला. घाईनं दाखवलेल्या धैर्याची किंमत बरेचदा घरचे मोजतात.

ज्यांना या वाटेवर शेवटी विश्वासच उरला नाही असं आढळेल, त्यांनाही एक सांगायचंय. तसं झालं तर तो तुमचा प्रामाणिक निष्कर्ष असेल, कुणी त्याला पाप म्हणू नये. फक्त तो रात्री दोन वाजता व्हिडिओ बघून काढू नका. चुकांच्या याद्या महिनाभर बंद ठेवा. मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, दोन तासही लागत नाहीत. तुकड्या-तुकड्यांनी ओव्या वाचायची सवय लागलेल्यांना ते पुस्तक नवंच वाटतं. मग काय पटतं, काय नाही ते ठरवा.

राहिली आई. तिला मत्तय 27:9 दाखवायला जाऊ नका. तिच्या दृष्टीनं तुम्ही चूक दाखवत नसाल, तिचा आधार काढून घेत असाल. तिला विचारा, शास्त्रातली कुठली जागा तुला कधी समजली नाही? इतकी वर्षं रोज वाचणाऱ्या माणसाकडे अशी जागा नसणं कठीण आहे. ती काय सांगते ते ऐका आणि त्या दिवशी तेवढंच करा. सहीचा विषय पाळकांशी बोलणं झाल्यावर, पण मंडळीतून तिच्या कानावर जायच्या आधी, तुम्ही स्वतः काढा. सहीची तारीख अगदी जवळ असेल तर आजच मुदत वाढवून मागा. कारण विचारलं तर 'मला हे नीट वाचून सही करायची आहे' एवढं पुरे.